पाच बावन्नची नोंद

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कबुली म्हणून सांगत नाही, पात्रता म्हणून सांगते. गॅसचं बटण मी तीनदा बघते. कुलूप लावलं की ओढून बघते, जिन्यावरून परत वर जाऊन ओढते. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मी नवऱ्याच्या ऑफिसात फोन करून विचारलं होतं, "या नावाचे कुणी खरंच तुमच्याकडे काम करतात का?" तो फोन नेमका त्यानेच उचलला. अजून कळव्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो ही गोष्ट नव्या भाडेकरूंना रंगवून सांगतो. सांगू दे. याच स्वभावावर मी ठाण्यात, वर्तकनगरपासून रिक्षाने दहा मिनिटांवरच्या एका कंपनीत, नोकरीची सगळी वर्षं काढली आणि मान मिळवला.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरच, पण त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. लोखंडी कपाटात एकावर एक चपटे पडलेले असतात आणि दिवसरात्र घोंघावतात. दुसऱ्यांची कामं त्यावर चालतात. कुणाच्या दवाखान्याचे रिपोर्ट, कुणाच्या गोदामाचा माल. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात एक छोटी वेगळी चिप असते. तिला बाकी काही काम नाही, फक्त लक्ष ठेवायचं. पंखा मंदावला, डिस्क कुरकुरली, तापमान चढलं, झाकण उघडलं, वीज गेली, की ती स्वतःच्या वहीत वेळ घालून नोंद करते आणि आमच्या प्रोग्रामला कळवते. आमचा प्रोग्राम ते पुढे दुसऱ्या प्रोग्रामांना देतो. एक तक्रार उघडतो, एक इंजिनिअरला मेसेज करतो, एक क्लायंटच्या स्क्रीनवर लाल दिवा लावतो. कुठला निरोप पुढे द्यायचा आणि कुठला गिळायचा, याचे नियम लिहिणं माझ्याकडे होतं. निरोप पोचवणं सोपं असतं हो. गिळायचा कुठला, यात सगळी अक्कल लागते.

कल्याणच्या घाऊक बाजारातला एक व्यापारी आमचा क्लायंट होता. दुकानामागच्या खोलीत त्याचा एकच सर्व्हर, एसी लावलेला. दर सणाच्या आधी तिथून दमटपणा वाढल्याचा निरोप यायचा. इंजिनिअर फोन करायचे, तो म्हणायचा, सेन्सर खराब आहे. दोनदा सेन्सर बदलला. तिसऱ्यांदा मी न सांगता स्वतः गेले. खोलीत सर्व्हरच्या कपाटाभोवती खव्याच्या पाट्या रचलेल्या, वर ओली फडकी! मी म्हटलं, "शेठ, हे काय?" तर म्हणतो, "मॅडम, एसी तर चालूच असतो ना. वाया कशाला घालवायचा?" वर मला अर्धा किलो बांधून देत होता. मी घेतला नाही. तेव्हापासून ऑफिसात माझं नाव झालं. परब मॅडम मशीनवर विश्वास ठेवतात, माणसांवर नाही, असं म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं.

आणखी एक कौतुक सांगते, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच निघाला. पूर्वी एखादा पंखा बंद पडला की तो बदलेपर्यंत दर पाच मिनिटांनी तोच मेसेज यायचा. इंजिनिअर वैतागून फोनच बंद करून ठेवायचे. मी नियम लिहिला की स्थिती बदलली तरच निरोप पुढे द्यायचा. चांगल्याचं वाईट झालं, एक निरोप. वाईटाचं चांगलं झालं, एक निरोप. मध्ये गप्प. एका आठवड्यात सगळं शांत झालं. प्रधान साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

आता गायकवाड. कंत्राटावरचे हार्डवेअर इंजिनिअर, कल्याणहून यायचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. बोलणं मोजकं. काम असं की दुसरा अर्धा तास घोळ घालायचा तिथे हे केबलला हात लावून सांगायचे, "ही सैल आहे." खोट काढण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेच मला खुपायचं. ज्याचं काही सापडत नाही तो काहीतरी लपवतोय, असं माझ्या डोक्याचं गणित.

खंडेनवमीला आमच्याकडे सर्व्हर रूममध्ये पूजा व्हायची. कारखान्यात मशीनची होते तशी. प्रत्येक कपाटाला झेंडूचा हार, हळदकुंकू, मग आरती, कापूर. आता धुराचा सेन्सर आहे म्हटल्यावर उदबत्ती लावली की बोंबाबोंब. दार उघडं राहिलं की तापमानाची बोंब. पहिल्या वर्षी तर क्लायंटांचे फोनवर फोन आले, आग लागली का म्हणून. मग मी सोय केली. पूजेपुरते निरोप पुढे द्यायचे थांबवायचे, पूजा झाली की परत चालू करायचे. नोंद होत राहायची, फक्त पुढे जायची नाही. सगळे त्याला 'पूजा मोड' म्हणायचे.

हे बटण दाबायला बाहेर स्क्रीनपाशी एक माणूस लागायचा. तो दरवर्षी गायकवाड. ते बौद्ध, पूजेला आत यायचे नाहीत. कधी त्याचा गाजावाजा केला नाही की कुणाला बोल लावला नाही. बाहेर बसायचे, बस्स. नवमीला ते रात्रपाळी आणि वर सकाळची पाळी दोन्ही अंगावर घ्यायचे, बाकीच्यांना सण करू द्यायचे, आणि संध्याकाळी बायको-मुलीला घेऊन नागपूरची गाडी पकडायचे, दसऱ्याला दीक्षाभूमीवर पोचायला. सगळ्यांच्या सोयीचं होतं. मी पेढा घेऊन बाहेर गेले की म्हणायचे, "ठेवा मॅडम टेबलावर." तो पेढा मग दुपारी कुणीतरी दुसराच खायचा. मी ते बघून ठेवायचे. का बघून ठेवायचे, तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

त्या वर्षीची पूजा छान झाली. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला मात्र घात झाला.

प्रत्येक सर्व्हरला विजेच्या दोन जोडण्या असतात, दोन वेगळ्या लाइनवर. एक गेली तर दुसरी सांभाळते. त्या दिवशी पहिल्या लाइनच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या म्हणून ती बंद केली. दुसरी आहेच, म्हणून सगळे निर्धास्त. आणि एक सर्व्हर धाडकन बंद पडला! त्याची दुसरी जोडणी आधीपासूनच मेलेली होती. त्यावर कल्याण-डोंबिवलीतल्या रक्त तपासणी केंद्रांचे रिपोर्ट होते. वीज दिली तरी आतली माहिती फाटलेली, ती जोडता जोडता सकाळची संध्याकाळ झाली. रिपोर्ट हातात नाही म्हणून एका बाईंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. पुढे त्या बऱ्या झाल्या, देवाची कृपा.

केंद्रांच्या मालकीण, डॉक्टर बाई, स्वतः आमच्या ऑफिसात येऊन बसल्या. प्रधान साहेब तांत्रिक कारणं सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "मला पंखे आणि केबल नको. कुणाचं लक्ष नव्हतं, त्याचं नाव द्या."

चौकशी माझ्याकडे आली. येणारच होती.

मी त्या सर्व्हरच्या चिपची वही उघडली. दुसरी जोडणी गेल्याची नोंद सापडली. तारीख खंडेनवमीची, वेळ पाच बावन्न. पहाटेची. मी कान टवकारले. पाच बावन्नला जोडणी गेली तर निरोप पुढे जायला हवा होता, तो गेला नाही. म्हणजे त्या वेळी निरोप थांबवलेले होते. पूजा अकराला. मग पहाटे कुणी थांबवले? आमच्या प्रोग्रामची स्वतःची नोंदवही पंधरा दिवसांनी पुसली जायची, ती कोरी. हजेरी बघितली. पहाटे रूममध्ये एकटे गायकवाड.

झालं. पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं. माणूस रात्रपाळीला एकटा, सकाळी परत पाळी, झोप येणारच. निरोप थांबवले की स्क्रीन ओरडत नाही. पूजेपर्यंत तसंच ठेवलं, पूजा झाल्यावर चालू केलं. तोवर जोडणी जाऊन बसलेली, पण चालू केल्यावर स्थिती काही बदलली नाही, त्यामुळे माझ्या नियमाप्रमाणे निरोप निघालाच नाही. मी त्यांचं ड्रॉवरही उघडलं. आत प्रवासात मानेला लावतात ती उशी! मला अगदी चोर सापडल्यासारखं वाटलं. इतकं चपखल बसत होतं की खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती. बाकी सगळ्याची येते.

प्रधान साहेबांच्या केबिनमध्ये गायकवाडांना बोलावलं. मी बाजूला बसलेली. साहेबांनी विचारलं तेव्हा ते साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले.

"मॅडम, पहाटे मी काही बंद केलेलं नाही. अकराला दहा कमी असताना थांबवलं, साडेअकराला चालू केलं. त्या मशीनची नोंद एकदा नीट बघा."

"नोंद बघूनच बोलतेय," मी म्हटलं. "आणि ती उशी?"

"ती नागपूरच्या गाडीसाठी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पटलं नाही अशी. एवढंच. गायकवाड उठले, खुर्ची आत सरकवली आणि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं, बघा, बोलायला तोंड नाही.

रिपोर्ट मी लिहिला. पहिल्याच परिच्छेदात त्यांचं नाव. निरोप परत चालू केल्यावर जुनं बिघडलेलं पुन्हा कळवलं जात नाही, ही माझ्या नियमातली खोट सातव्या मुद्द्यात, 'सुधारणेस वाव' म्हणून. त्या महिन्याअखेर त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. डॉक्टर बाई खूश. जाताना गायकवाड माझ्या टेबलाशी आले आणि सर्व्हर रूमच्या चाव्यांचा जुडगा ठेवला. "मोजून घ्या, मॅडम," म्हणाले. आणि मी मोजून घेतल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्याच सर्व्हरची मेमरी बदलायची होती. माणूस कमी होता म्हणून मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. सकाळचे सव्वाअकरा. झाकण काढलं. शेजारच्या लॅपटॉपवर चिपची वही उघडी होती, तिथे ओळ उमटली, झाकण उघडलं. वेळ पाच पंचेचाळीस.

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. भिंतीवरचं बघितलं. फोनवर बघितलं. झाकण परत लावलं, परत काढलं. पाच सत्तेचाळीस. त्या वहीवर विश्वास ठेवला तर मी पहाटे पावणेसहाला ठाण्यात येऊन सर्व्हर उघडत होते. आणि त्या वेळी मी कळव्यात दूध तापवत होते, याला माझा नवरा साक्षीदार आहे.

मी खाली जमिनीवरच बसले.

आमच्याकडे सगळ्या चिपांची घड्याळं आपल्या वेळेवर लावलेली होती. मीच लावून घेतली होती. पण या सर्व्हरचा बोर्ड, म्हणजे ती चिप ज्यावर बसवलेली असते ती पाटी, पूजेच्या आधीच्या पावसाळ्यात बदलला होता, विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने येऊन. नवा बोर्ड येतो तो परदेशी वेळेवर, आपल्या मागे साडेपाच तास. त्याचं घड्याळ आपल्या वेळेवर कुणी लावायचं? बोर्ड बदलल्याच्या कागदावर तपासणीची सही माझी आहे. पाच बावन्नमध्ये साडेपाच तास मिळवा. अकरा बावीस होतात. भर आरतीची वेळ.

आणि अकरा बावीसला कपाटांच्या मागे कोण होतं? मी. पुढून सगळे हळदकुंकू वाहतात, खरं काम मागच्या बाजूने चालतं, म्हणून मी दरवर्षी मागेही जाऊन वाहायचे. मागच्या अरुंद बोळात, साडीचा पदर सावरत, हातात ताट. माझा धक्का त्या केबलला लागला का, हे शपथेवर सांगता येणार नाही. पण दुसरं कुणी मागे गेलं नव्हतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, बाई लगेच धावत गेली असेल. नाही गेली. म्हणजे प्रधान साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "परब मॅडम, क्लायंट शांत झालाय. तुमच्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?" मी म्हटलं, "गायकवाडांचं." ते म्हणाले, "त्याला दुसरीकडे लागलं असेल की काम." असेल, म्हणून मी बाहेर आले. त्या चिपचं घड्याळ बरोबर लावलं. नियमही बदलला, निरोप चालू केले की जे जे बिघडलेलं आहे ते पुन्हा कळवायचं. सगळं दुरुस्त केलं, माणूस सोडून. आठ महिने रोज डबा खाल्ला, निरोपसमारंभाला हार घालून घेतला, भाषणात कुणीतरी म्हणालं की परब मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही. लाज वाटली मला. खूप लाज वाटली.

रिटायर झाल्यावर पंधरा दिवसांनी मी नवा रिपोर्ट लिहिला, साध्या कागदावर. वेळेचा घोळ, बोर्ड, माझी सही, कपाटामागे मी, सगळं. पहिल्या परिच्छेदात माझं नाव. एक प्रत प्रधान साहेबांना, एक डॉक्टर बाईंना रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि तिसरी घेऊन कल्याणला गेले. पत्ता जुन्या फायलीतून उतरवून घेतला होता.

गायकवाड घरीच होते. दुसरीकडे काम लागलं नव्हतं. म्हणजे लागत आलं होतं, दोन ठिकाणी, पण आधीची कंपनी का सोडली म्हणून आमच्याकडे फोन आला की पुढे काही व्हायचं नाही. आता ते इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करत होते, बाहेरच्या गॅलरीत मांडून. मला बघून उठले. "या, मॅडम," म्हणाले, जसं काही मी नेहमी येते. त्यांच्या मिसेसनी खुर्ची पुसून दिली. पाणी दिलं.

मी प्रस्तावना करणार होते, ती केलीच नाही. कागद पुढे केला. "चूक माझी होती, गायकवाड. तुम्ही खरं सांगत होता."

त्यांनी हात पुसले आणि कागद वाचला. ते नोंदी वाचायचे तसा, बोट ठेवून, एकेक ओळ. दोन पानं वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मिसेस दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या.

"घड्याळ," ते म्हणाले. "मला तेच वाटलं होतं. बोर्ड बदलल्यावर कुणी लावलं नसेल."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"नोंद नीट बघा म्हटलं होतं ना, मॅडम."

मी मान खाली घातली. म्हटलं होतं. माझ्यासमोर म्हटलं होतं.

"सगळं बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"त्या दिवशी मी आत येऊन आरतीला उभा राहिलो असतो, तर पहाटेचं ते माझ्यावर धरलं असतंत?"

मी तोंड उघडलं ते 'अहो, असं काही नाही हो' म्हणायला. हे वाक्य माझ्यासारखीच्या जिभेवर तयारच असतं. पण समोरचा माणूस माझ्याकडे असा बघत होता की त्याला उत्तर आधीच माहीत होतं, फक्त मी खोटं बोलते का, तेवढंच बघायचं होतं.

"नसतं धरलं," मी म्हटलं. "आधी घड्याळ तपासलं असतं."

त्यांच्या मिसेसनी ट्रे खाली ठेवला. कप वाजले.

गायकवाडांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. आवाज चढवला नाही. "हे याच्यात नाही, मॅडम. तेवढं लिहून आणा. मग घेईन."

चहा घेतला आम्ही.

घरी आल्यावर मी ते वाक्य रिपोर्टात घालायचा प्रयत्न केला. आठव्या मुद्द्यात घालून बघितलं, पहिल्यात घालून बघितलं. 'पूर्वग्रह' लिहिलं, खोडलं. 'नकळत' लिहिलं, ते तर लगेच खोडलं, कारण नकळत नव्हतं, पेढा टेबलावर तसाच राहतो हे मी वर्षानुवर्षं बघून ठेवत होते. रिपोर्टाच्या भाषेत ते बसेना. म्हणून या अंकाच्या संपादकांनी नोकरीच्या आठवणी मागितल्या तेव्हा हे सगळं इथे लिहिलं. गायकवाड पूजेला येत नसत, म्हणून मी त्यांच्यावर संशय घेतला. घड्याळावर घेतला नाही.

अंक निघाला की एक प्रत घेऊन कल्याणला जाणार आहे. घेतील की नाही, माहीत नाही.